विषय : डिसेंबरमधील कोकण सहल (वेळास)

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

यंदा नाताळच्या सुट्टीत भारतात जाणारी ११ कुटुंबे आहेत. त्यांनी २७ ते २९ डिसेंबर असे तीन दिवस वेळासला जाऊन कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहावीत, असे सहल समितीच्या मनात आहे. तेथील चांगले हॉटेल, सोयीचा रस्ता आणि पिल्ले सोडण्याची नक्की वेळ, एवढी माहिती हवी आहे. सध्या दापोलीत मुक्कामी असलेल्या काकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सहल समिती

*

उत्तर : डिसेंबरमधील कोकण सहल (वेळास)

सप्रेम नमस्कार वि. वि.

वेळासचा बेत उत्तम आहे, परंतु तारखा चुकल्या आहेत. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या साधारणपणे नोव्हेंबरपासून अंडी घालू लागतात आणि वाळूच्या उबेत ती फुटायला दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर घातलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर येईपर्यंत आपली मंडळी परत जाऊन कामाला लागलेली असतील. पिल्ले पाहायची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा आरंभ हा काळ धरावा.

कासवमित्र पहाटे किनारा चालत जातात आणि वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला मादीचा माग धरून घरटे शोधतात. शंभरावर अंडी असतात. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून ती काढून, तेवढ्याच खोलीचा मडक्यासारखा खड्डा करून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात आणि फुटण्याचा सुमार आला की वर टोपली पालथी घालतात. सकाळी व संध्याकाळी टोपली उचलून पाहायची. खाली पिल्ले असली तर पाण्यापासून काही पावले अलीकडे वाळूवर ठेवायची, पुढचे अंतर त्यांनीच कापायचे. त्यामुळे ‘नक्की वेळ’ कोणीही सांगू शकत नाही. एका मार्चमध्ये मी नातवाला घेऊन दोन दिवस राहिलो होतो. तीन वेळा टोपली रिकामी निघाली, चौथ्या वेळी अवघी दोन पिल्ले होती. त्यांतले एक लाटेने उलटे पडले, सरळ झाले आणि पुन्हा निघाले; नातू अजून त्याच एका पिल्लाविषयी बोलतो.

हॉटेलची अपेक्षा ठेवू नये. गावकऱ्यांच्या घरीच उतरायचे, एका खोलीत चार-सहा जणांनी गाद्या घालून झोपायचे आणि यजमानीण वाढील ते जेवायचे. मला तर सहलीतला हाच भाग अधिक आवडतो. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन असे येऊन बागमांडल्याला जंगलजेटीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) गाडी चढवावी आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरावे. तेथून बाणकोटवरून वेळास. (नाना फडणवीसांचे मूळ गाव ते हेच.) मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा घर आधी ठरवून निघावे.

डिसेंबरच हवा असेल तर रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळचे फणसाड पाहावे. जंजिऱ्याच्या नवाबांची ही एके काळची शिकारीची राखीव जागा. १९८६ साली अभयारण्य झाली. सुपेगावच्या बाजूने आत शिरल्यावर मान वर ठेवून चालावे, म्हणजे काटक्यापानांची गोल घरटी आणि नशीब असेल तर शेकरू दिसते. त्या दिवसांत झाडी दाट असते, बिबट्या दिसेल असे मुलांना मुळीच सांगू नये.

आपला,
दापोलीहून काका

*

उत्तर : डिसेंबरमधील कोकण सहल

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र सर्वांनी वाचले. डिसेंबरची सहल आता फणसाडला नेत आहोत आणि मार्चअखेरीस भारतात असणाऱ्या तीन कुटुंबांसाठी वेळासच्या दोन रात्रींची वेगळी आखणी करतो. त्या कुटुंबांनी जेवणाची पथ्ये आणि सोबतच्या ज्येष्ठांपैकी कोणाला जमिनीवर झोपणे जमणार नाही, हे रविवारपर्यंत समितीस कळवावे. एका सभासदांनी पिल्लू हातावर घेऊन छायाचित्र काढता येईल का, असे विचारले आहे. येणार नाही, आणि फ्लॅशही वापरता येणार नाही.

सहल समिती