उंदराचं औषध अन् फॉस्फरसचा चार्ज

सेक्रेटरी, ए-१०१: सर्वांना सूचना. बेसमेंट पार्किंगमध्ये उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड घातलेले कणकेचे गोळे ठेवले आहेत. लहान मुलं सांभाळा जी.

ताई, बी-३०४: भाऊ, या फॉस्फाइडनंच आमच्या घरी डोकं उठवलं. पोरगी बारावीला आहे. फॉस्फरसवर फॉस्फाइडमध्ये −३, फॉस्फेटमध्ये +५. खरा चार्ज कोणता? सर, सांगा न.

सर, सी-२०२: फॉस्फरसच्या बाहेरच्या कक्षेत ५ इलेक्ट्रॉन. तीन मिळाले की आठ पूर्ण, म्हणून −३. पण पाचही काढून टाकायचे तर मोलमागे सुमारे १७ हजार किलोज्यूल लागतात. एवढी ऊर्जा देतं कोण? म्हणून तो इलेक्ट्रॉन वाटून घेतो, सहसंयुज बंध करतो. फॉस्फेटमध्ये त्याच्याभोवती चार ऑक्सिजन असतात. वाटणीतले इलेक्ट्रॉन सगळे ऑक्सिजनच्या नावे मांडले की फॉस्फरसकडे +५ दिसतात. तो ऑक्सिडेशन अंक, चार्ज नव्हे. त्यात चार ऑक्सिजनचे प्रत्येकी −२, म्हणजे −८ धरले की उरतात −३, ते अख्ख्या आयनवर, म्हणजे चार्ज असलेल्या पूर्ण फॉस्फेट गटावर.

खजिनदार, ए-३०२: म्हणजे आपल्या सिंकिंग फंडासारखं. कागदावर दिसते, हाती काही नाही 😀

सेक्रेटरी, ए-१०१: तो विषय मीटिंगमध्ये.

ताई, बी-३०४: पोरगी विचारून राहिली, झिंक फॉस्फाइडमधला −३ तरी खरा न?

सर, सी-२०२: तोही पुरता नाही. विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद, पाहा, झिंक १.६५, फॉस्फरस २.१९. एवढ्याशा फरकात इलेक्ट्रॉन पूर्ण हस्तांतरित होत नाही. सूत्र जुळवायला −३ चालतो, तीन झिंकचे +६, दोन फॉस्फरसचे −६. सोडियम फॉस्फाइडमध्ये हा फरक मोठा, म्हणून तिथं −३ म्हणणं जास्त शोभतं.

डी-४०१: सर, मधेच विचारतो. माझ्या गाडीखाली एक गोळा फुटला, काळी पूड सांडली आहे. टॉयलेट क्लीनर टाकून धुऊन काढू का?

सर, सी-२०२: अजिबात नको!! त्यात आम्ल असतं. आम्लातला हायड्रोजन फॉस्फरसला जोडला की फॉस्फीन वायू सुटतो. उंदीर पोटातल्या आम्लामुळे त्यानंच मरतो, माणसालाही तो विषारी आहे. पाणीसुद्धा टाकू नका.

डी-४०१: बाप रे. बाटली हातातच होती.

सेक्रेटरी, ए-१०१: पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला, येऊन राहिला. तोवर कोणी बेसमेंटमध्ये उतरू नका.

ताई, बी-३०४: सर, फॉस्फीनमध्ये फॉस्फरसचा ऑक्सिडेशन अंक किती?

सर, सी-२०२: पुस्तकात −३. हायड्रोजनची विद्युतऋणता २.२०, म्हणजे दोघं जवळपास बरोबरीचे, इलेक्ट्रॉन कोणाकडेच गेलेले नाहीत. पण पेपरात −३ च लिही बेटा, मार्क त्याचेच आहेत.

खजिनदार, ए-३०२: अन् माझी गाडी काढायची आहे, त्याचं काय?