बाळंतपणाची भीती : तुम्हाला नेमकी कशाची वाटली?

डोहाळजेवणाला आलेल्या प्रत्येकीने ओटी भरता भरता आपल्या बाळंतपणाची गोष्टही माझ्या ओटीत टाकली. कुणाच्या कळा तीस तास, कुणाचे टाके पिकले. वर पालुपद, "बाईचा दुसरा जन्मच गं तो!" तेव्हापासून झोप उडालीये. डॉक्टरांकडून कळलं की या भीतीने फारच ग्रासलं तर त्याला टोकोफोबिया म्हणतात. (आपल्या 'टोका'शी संबंध नाही, शब्द ग्रीक आहे.) पण "भीती नेमकी कशाची?" असं त्यांनी विचारलं आणि मला सांगताच येईना. आठवा लागलाय. तुम्हाला कशाची वाटली, त्याचं काय केलंत, लिहा. 'सगळं छान होईल' नको, ते आई रोज म्हणते.

डोंबिवलीकर
मला कळांची नाही, रस्त्याची! तारीख जुलैची आणि नाव नोंदवलेलं दादरला, ऑफिसजवळ म्हणून. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला त्या दिवशी, मी रात्रभर शाळेत अडकले होते. आभाळ भरून आलं की पोटात गोळा यायचा. शेवटी सातव्या महिन्यात दादर सोडलं आणि घराजवळच्या प्रसूतिगृहात नाव घातलं. खालच्या रिक्षावाल्या काकांना तारीख सांगून ठेवली, रुग्णवाहिकेचा १०८ नंबर दोघांच्या फोनमध्ये. नवऱ्याने तर एका रविवारी रिक्षातून रंगीत तालीमही केली. प्रत्यक्षात त्या दिवशी एक थेंब पडला नाही.

दोन लेकरांची आई, भांडुप
ओरडा खायची भीती. पहिल्या वेळी लेबर रूममध्ये किंचाळले तर एक बाई म्हणाली, "तेव्हा नाही का लाज वाटली?" कुठलं हॉस्पिटल ते जाऊ दे. पाच वर्षं तो आवाज कानात होता. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा नव्या डॉक्टरबाईंना सरळ सांगितलं, मला सिझरच करा. त्या नाही म्हणाल्या नाहीत. आधी काय झालं होतं ते सगळं सांगायला लावलं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, मी तिथेच रडले. मग चाचरत विचारलं, माझी बहीण आत थांबली तर? थांबू दे की, म्हणाल्या. बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, हे मला मागाहून कळलं. मी उगाच भीक मागितल्यासारखं विचारत होते! शेवटी सिझर नाही झालं. बहीण माझ्या कमरेवर मूठ दाबून उभी होती. दुखलं तेवढंच, पण कुणी अंगावर आलं नाही.

गिरगावची मावशी
१९८९ साली भीती विचारतंय कोण! चाळीतल्या एका काकूंनी मात्र कामाचं सांगितलं, "कळ येते तशी जाते, मध्ये सुटका असते." हे बाकी कुणी सांगत नाही बघा. मी भिंतीवरचं घड्याळ बघायची. मिनिटभर दम धरला की उतरायची. शेवटी शेवटी सुटका आखूड होते, खोटं कशाला बोलू.

मुलुंडहून
मला पाठीतल्या सुईची. एपिड्यूरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) तर हवं होतं, पण सुई नको! भूलतज्ज्ञांना आधीच भेटले. सुई काढून घेतात, आत फक्त बारीक नळी राहते, हे ऐकून धीर आला. तयारी झाली पूर्ण. आणि त्या रात्री पोचेपर्यंत पिशवीचं तोंड नऊ सेंटिमीटर उघडलेलं. इंजेक्शनला वेळच नाही मिळाला, भीती वाया गेली.

एक नवरा, बोरिवली
बायको परत येणार नाही, याची. बोललो नाही कुणाला. हॉस्पिटलची बॅग चार वेळा भरली.

धागाकर्ती
मावशी, 'खोटं कशाला बोलू' साठी थँक्यू. मला वाटतं सापडलं. कळांची नाहीये, टाके घालताना सगळं कळेल याची आहे. सोमवारी तपासणी आहे, चिठ्ठीवर लिहून नेतेय, नाहीतर ऐनवेळी पुन्हा "काही नाही" म्हणेन.