येसर, काळ्या मसाल्याच्या पाकिटावर नेमकं काय लिहावं?

बालाघाटचा_गडी:
नमस्कार मंडळी. आम्ही कळंबकडचे. आई आन् काकू येसर (आमटीत घालायची मसाल्याची पूड) आणि काळा मसाला करून विकायल्यात, आतापर्यंत ओळखीवरच चाललं, साधी पिशवी आणि वर स्टिकर. आता पुण्यातून पण मागणी यायली म्हणून पाकीट छापायचं ठरवलंय. डिझाइनवाल्याने पाठवलंय त्यात वर देवीचा फोटो, नाव 'श्री तुळजाभवानी मसाले', खाली 'शुद्ध, सात्त्विक, दर्जेदार, घरगुती चव' आणि कोपऱ्यात सोनेरी 'प्रीमियम क्वालिटी'. घरी सगळ्यांना लै आवडलं पण मला वाटायलंय की किराणा दुकानात दहा पाकिटांत ठेवलं तर आपलं कोणतं ते मलाच ओळखू यायचं नाही. नाव बदलावं का? आधी लोगोवर खर्च करावा का?

औसा_रोड:
कांदा-लसूण घालून वर सात्त्विक म्हणायलाय का भाऊ 😄 ते आधी काढा. शुद्ध, दर्जेदार हे तर सगळेच लिहितात, त्याने कोणी पाकीट उचलत नाही. तुमची गिऱ्हाइकं दोन प्रकारची हायेत बघा. आपल्याकडच्या बाईला येसर काय ते सांगायची गरज नाही, ती विचारणार मिरची कोणती, तिखट किती, कधी दळला. तेवढंच ठळक लिहा, तारीख तर कायद्याने टाकावीच लागते मग ती मोठी टाका की. पुण्यातल्या माणसाने मात्र लग्नातल्या पंगतीत येसर आमटी खाल्लेली नसंल तर त्याला ही पूड कशात घालायची तेच माहीत नाही, त्याच्यासाठी मागच्या बाजूला कृती पाहिजे, येसर पाण्यात कालवून फोडणीत सोडा, उकळी येईस्तोवर हलवा नाहीतर गुठळ्या होतात, बस. हे 'प्रीमियम'पेक्षा जास्त विकतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सुप्रभात पाठवू नका, ज्या दिवशी मसाला कुटला त्या दिवशी डंकावरचा फोटो टाका.

कागदपत्रवाला:
नावाचं बोलतो. देवाच्या नावाचे मसाले गल्लोगल्ली, त्यामुळे ट्रेडमार्क मिळवणं आणि मिळाला तरी दुसऱ्याला अडवणं दोन्ही अवघड. 'मराठवाडा' किंवा 'लातूर' नुसतं टाकलं तरी तीच गत, गावाच्या नावावर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. सरकारी ट्रेडमार्क साइटवर सर्च फुकट आहे, मसाले क्लास ३० मध्ये (मालाच्या प्रकारानुसार केलेला गट) येतात, तिथं आधी बघा. ऑनलाइन अर्जाची फी वैयक्तिक किंवा उद्यम (सरकारची लहान उद्योगांची) नोंदणीवाल्या लहान धंद्याला ४५०० रुपये, बाकीच्यांना ९०००. नोंदणी झाली की १० वर्षं चालते. नावापुढं टीएम (नावावर दावा सांगणारी खूण) लगेच लावता येतं पण गोलातला आर (नोंदणी झाल्याची खूण) नोंदणीआधी छापू नका, तो गुन्हा आहे. बाकी एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, शाकाहारीचा हिरवा ठिपका, वजन, एमआरपी, पत्ता, तक्रारीचा फोन हे सगळं डिझाइनवाल्याच्या नमुन्यात हाय का ते तपासा, बऱ्याचदा त्यांना सोनेरी पट्टीच दिसते.

पाउच_पॅकिंग:
छापायची घाई नको. छापील रोलसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर (छपाईचा कोरलेला रूळ) बनवावा लागतो, वर माल पण एकदम भरपूर घ्यावा लागतो, उद्या नाव बदललं की सगळं भंगारात. आधी साधा स्टँडी (उभा राहणारा) पाउच घ्या आणि चांगला स्टिकर लावा. पाउच पारदर्शक नको, उन्हात मसाल्याचा रंग उडतो. कागदी तर अजिबात नको, काळ्या मसाल्याचं तेल सुटून डाग पडतात, मग नाव कितीबी भारी असू द्या.

बालाघाटचा_गडी:
लै भारी सांगितलंत सगळ्यांनी. सिलिंडरचं तर डिझाइनवाला बोललाच नव्हता. काकूच्या नावाने काढू म्हणलं तर काकूच नको म्हणायल्यात, पाकीट फाडून लोक उकिरड्यावर टाकतेत, त्यावर माझं नाव कशाला म्हणे. आता काय करावं?

औसा_रोड:
काकूंचं बरोबर हाय की 😄 मग शेताचं नाव बघा, वस्तीला, विहिरीला काही नाव असंलच ना. दोन-तीन अक्षरी घ्या, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. सापडलं की इथं टाका, कागदपत्रवाले भाऊ सर्च मारून देतील.