गावातलं दगडी चर्च: पाडायचं की राखायचं?

गोदाकाठ:
निफाडकडच्या आमच्या गावातलं कौलारू चर्च पाडून स्लॅबचं बांधायचं घाटतंय. मला पटत नाही. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. काही वर्षांपूर्वी आतून सिमेंटचा गिलावा मारला आणि तेव्हापासून कमरेएवढा लोणा चढलाय. हात लावला की पांढरी भुकटी गळते. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. तो गिलावा खरवडा, चुन्याचा करा, कौलं शाकारा. भिंती धडधाकट आहेत.

द्राक्षबाग:
तू नाशिकरोडला राहतोस, नाताळला उगवतोस. आम्ही आषाढात वेदीपुढे बादली ठेवून मिस्साची प्रार्थना ऐकतो. परवा आईनं थेंब चुकवायला तीनदा बाक बदलला. नाताळात निम्मी माणसं बाहेर मांडवात. लोणा घेऊन काय करायचंय?

गोदाकाठ:
नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत माणसं लोटतात, तिथं मोठं हवंच. आपली घरं साठ. एका रात्रीसाठी हॉल?

जुनीवही:
'होतं तसंच ठेवा' म्हणणाऱ्यांनी वेदी बघावी. फादर पूर्वी लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणायचे. कॅथलिक चर्चच्या १९६२ ते ६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, वेदी भिंतीपासून पुढे सरकली. जुन्या चौथऱ्याची खूण अजून फरशीत दिसते. बदल झाला, पण भिंत कुणी पाडली नाही.

मला खरी काळजी कपाटातल्या वह्यांची. नाशिक धर्मप्रांत, म्हणजे इथल्या बिशपांचा इलाखा, १९८७चा; त्याआधी आपण पुणे धर्मप्रांतात. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, जुन्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत. 'फिलियुस' म्हणजे मुलगा, आणि पुढे माझ्या पणजोबांचं नाव. त्या पानाचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. त्याचे फोटो तरी काढा, इमारतीचं मग भांडा.

विहिरीवरचा:
भांडून उपयोग काय? जागा धर्मप्रांताची. बिशपांच्या परवानगीशिवाय ना पाडता येत, ना नवं बांधता येत.

द्राक्षबाग:
वह्यांचं मान्य, रविवारी मोबाइल घेऊन येतो. चुन्याचं काम येणारा गवंडी आहे कुठं पण? आठ दिवसांत उरकणार असेल तर कौलं उतरवायला पोरं देतो.

गोदाकाठ:
आठ दिवसांत नाही. कळीचा चुना भिजवून मुरवायलाच महिना धर.

द्राक्षबाग:
म्हणजे अजून महिनाभर बादली. बरं. नाताळचा मांडव यंदा तुझ्या खर्चानं.