शब्दचर्चा : 'अ‍ॅप्रॅक्सिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : गुहागरच्या माझ्या आत्याच्या मेंदूत गुठळी झाली होती. आता घरी आणलंय. तिच्या कागदांवर 'अ‍ॅप्रॅक्सिया' लिहिलंय. वाडीत सगळे 'लकवा मारला' म्हणतात, पण तिचे दोन्ही हात हलतात. नेमका शब्द कोणता?

उत्तर : लकवा नव्हेच, आणि घरच्यांनी तरी तो शब्द वापरू नये असं मला कळकळीनं वाटतं. लकव्यात ताकद जाते. इथे ताकद असते, करायची इच्छाही असते. शिकलेली हालचाल जुळवून आणणं मेंदूला जमत नाही. बहुतेकदा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते. ग्रीक 'प्राक्सिस' म्हणजे कृती, त्याआधी नकाराचा 'अ'. जर्मन डॉक्टर ह्यूगो लीपमान यांनी १९०० साली अशा एका रुग्णाचं बारकाईनं वर्णन केलं.

आमच्या शेजारच्या काकूंचं मी जवळून पाहिलंय. 'नारळ कसा खवता, दाखवा' म्हटलं की रिकामा हात हवेतच घुटमळायचा, मूठ वळायची, पुन्हा उघडायची. विळीवर बसवून हातात कवड दिली की मात्र खोबऱ्याचा ढीग पडायचा. लोकांना वाटायचं, मुद्दाम करतात. कसलं मुद्दाम! खरी वस्तू हातात आली की जमणं, नुसतं सांगितल्यावर न जमणं, हे या विकारात बऱ्याचदा दिसतं.

बोलताना 'हाताचं वळण गेलं' म्हणा, वाडीत कुणालाही कळेल. लिहिताना 'कृतिभ्रंश', 'स्मृतिभ्रंश'च्या चालीवर.

आणखी एक शंका : मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडते त्याला 'वाचाघात' म्हणतात, मग 'कृतिघात' का नको?

उत्तर : चुकीचा नाही. पण 'घात' म्हटलं की एकाएकी झालेलं डोळ्यांपुढे येतं. आत्यांच्या बाबतीत तसंच झालं, अल्झायमरमध्ये मात्र हे हळूहळू येतं. 'भ्रंश' दोन्हीकडे बसतो. वापर असा : 'हातात जोर आहे, पण कृतिभ्रंशामुळे कंगवा उलटा धरते.'

प्रश्न : कागदांवर 'अ‍ॅप्रॅक्सिया'पुढे 'स्पीच' असंही आहे. मग तो वाचाघातच ना?

उत्तर : नाही, तो वाणीचा कृतिभ्रंश. वाचाघातात शब्द सापडत नाही, किंवा ऐकलेलं उमगत नाही. यात शब्द मनात तयार असतो, जीभ आणि ओठांची जुळणी चुकते. एकच शब्द दर वेळी वेगळा बाहेर पडू शकतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञांकडून नीट तपासून घ्या. दोन्हींचे व्यायाम वेगळे असतात.