'माज' हा शब्द फलकावर चालेल का?

तळजाईकर
भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. विषय: प्राणी जोडीदार कसा शोधतात आणि त्यात शरीरातल्या रसायनांचा हात किती. सहा फलकांचा मराठी मजकूर माझ्याकडे आला, कारण मामाला मराठी येतं अशी घरात अफवा आहे. गायीच्या फलकावर मी लिहिलं होतं, 'गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते.' बाईंनी 'माजावर'भोवती लाल गोल केला, शेजारी लिहिलं 'शब्द सभ्य हवा', आणि पर्याय सुचवला 'हीटवर'.

'ऋतुकाळ' लिहून पाहिलं, तर गर्भसंस्काराच्या जाहिरातीसारखं वाटलं. 'प्रजननोत्सुक अवस्था' ऐकून तर गायच दावं तोडून पळेल. माज खरंच असभ्य आहे का? आणि गायीला माज, हत्तीला मद, माणसाला मस्ती, हे एकच की वेगवेगळं?

दुपारी_एक_ते_चार
आमच्या पेठेत माज फुटपाथवरून गाडी घालणाऱ्यांना येतो. ते २१ दिवस थांबत नाहीत.

धातुपाठी
मूळ धातू मद्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिलाय 'मदी हर्षे', म्हणजे हर्ष होणे. रूप माद्यति. संस्कृतातल्या 'द्य'चा प्राकृतात 'ज्ज' होतो आणि मराठीत 'ज' उरतो: अद्यचं आज, विद्युतचं वीज, तसं माद्यतिचं माजणं. मद्य, मत्त, उन्माद, मदन ही सगळी याच घरची माणसं. माज असभ्य ठरवायचा तर मदनालाही घरी बसवावं लागेल. 'मस्त' फारसीतून आला, पण फारसी मस्त आणि संस्कृत मत्त हे चुलतभाऊच. हत्तीच्या अवस्थेला इंग्रजीत जो शब्द आहे तोही हाच 'मस्त', इथूनच उचललेला.

मराठीत माज जनावरापुरता राहिलेला नाही. रान माजतं, तण माजतं, श्रावणात तळजाई टेकडीवरचं गवत माजतं. आतून भरून आलंय आणि आता आवरत नाही, असा तो भाव. माजोरड्या माणसाचा माज हा त्याचाच एक फाटा. तो एक फाटा तेवढा शहरात उरला म्हणून शब्द शिवीसारखा वाटायला लागला, असं माझं मत.

गोठ्यावरून
दादा, मी उरुळीकांचनच्या बाजूचा. मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही गुरांच्या पैदाशीवर काम करणारी संस्था काढली ती इथंच, त्यामुळे कृत्रिम रेतन हा शब्द आमच्या आजीच्या तोंडीसुद्धा सहज येतो. आमच्या घरात माज हा शब्द चारचौघांत, सुनांसमोर, पाहुण्यांसमोर बोलला जातो. कुणी मान खाली घालत नाही. पैशाचा विषय आहे तो. एक माज हुकला की तीन आठवडे गेले.

आणि माज एकटा नसतो. गाय माजावर येते, बळस म्हणजे चिकट स्राव टाकते, उभी राहते, मग तिला फळवतात, म्हणजे रेतन करतात. ठरली तर गाभण, नाही ठरली तर उलटली. तुमच्या 'हीट'ला एवढा गोतावळा आहे का?

परवाचंच सांगतो. पहाटे धारेला बसलो तर दूध दीड लिटरनं कमी. गव्हाणीत वैरण तशीच. गाय कान टवकारून हंबरत होती आणि शेपटीला काचेच्या तारेसारखी बळस लोंबत होती. अंगणात मोकळी सोडली. शेजारची कालवड तिच्या अंगावर चढली, तर ही बाई जागची हलली नाही. तीच पक्की खूण. एरवी शिंग उगारून कालवडीला हाणलं असतं. वडील ओट्यावरूनच म्हणाले, "सकाळचा माज, संध्याकाळचा डॉक्टर." संध्याकाळी दिसला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

म्हशीचं अवघड. ती उन्हाळ्यात माजावर येते पण बोलत नाही. त्याला आम्ही मुका माज म्हणतो.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर
वडिलांचा हिशोब बरोबर आहे. गायीचा माज बारा ते अठरा तास टिकतो आणि स्त्रीबीज सुटतं तो संपल्यावर दहा-बारा तासांनी. वीर्य थोडं आधी जाऊन थांबलेलं बरं, म्हणून ती बारा तासांची चालढकल.

आत काय घडतं ते तळजाईकरांच्या फलकाला उपयोगी पडेल. गाभ राहिला नाही की गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं आणि अंडाशयातला पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्या जागी तयार झालेली गाठ, विरतो. त्याबरोबर माज दाबून धरणारं प्रोजेस्टेरॉन उतरतं. दुसरीकडे वाढणारी बीजपुटिका, म्हणजे नव्या बीजाची पिशवी, इस्ट्रोजेन सोडत असते. ते रक्तातून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतं आणि तिथे दोन कामं करतं: बीज सोडण्याचा निरोप पाठवतं आणि गायीचं वागणं बदलतं. कालवड अंगावर आली तरी न हलणं हे मेंदूतून ठरलेलं असतं.

आता गंमत. एकटं इस्ट्रोजेन पुरत नाही. मेंदूने आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन चाखलेलं असलं तर त्याचा परिणाम नीट उमटतो. म्हणून व्याल्यानंतरचं पहिलं बीज पुष्कळदा गुपचूप सुटून जातं, कारण मागच्या चक्रातलं प्रोजेस्टेरॉन मिळालेलंच नसतं. म्हशीच्या उन्हाळी मुक्या माजाची कारणं वेगळी, त्यात उष्मा मोठा. पण 'मुका' हे विशेषण मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं वाटतं: आत सगळं घडतंय, फक्त वागण्यातून बोललं जात नाही. नोकरीतली तीस वर्षं मी हाच शब्द वापरला.

तळजाईकर
डॉक्टरसाहेब, हे जसंच्या तसं उचलतोय. पुढची शंका. 'संप्रेरक' लिहू की 'हार्मोन'?

धातुपाठी
संप्रेरक. पारिभाषिक शब्दांपैकी मोजके जमलेत, त्यातला हा. स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये हार्मोन हा शब्द रूढ केला तो ग्रीक 'चेतवणे, चालना देणे' यावरून. आपलं सम् अधिक प्रेरक तंतोतंत तेच सांगतं. प्रेरक आहे, कारक नाही, हेही बरं. डॉक्टर म्हणाले तसं, तेच रसायन एका वेळी चेतवतं आणि दुसऱ्या वेळी नाही.

ऑलिव्हची_फांदी
बाईंना एक सांगा. ज्या इंग्रजी-लॅटिन शब्दांना त्या सभ्य समजतात त्यांच्यातच गोठ्याचा वास आहे. माजाला शास्त्रात इस्ट्रस म्हणतात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ गोमाशी! गोमाशी चावल्यावर गुरं शेपटी वर करून उधळतात, त्यावरून पिसाटपणा आणि त्यावरून माज. आणि इस्ट्रोजेन म्हणजे शब्दशः माज आणणारं. दहावीच्या पुस्तकात ते बिनदिक्कत छापतो आणि 'माज' मात्र लाल पेनाने कापतो.

दुपारी_एक_ते_चार
आणि किसपेप्टिन? पौगंडावस्थेचं कुलूप उघडणारं मेंदूतलं रसायन. मला वाटलं चुंबनावरून असणार. निघालं चॉकलेटवरून. त्याचं जनुक १९९६ मध्ये अमेरिकेत हर्शी गावच्या प्रयोगशाळेत सापडलं, तेही कर्करोगाच्या अभ्यासात, आणि गावच्या प्रसिद्ध 'किसेस' चॉकलेटचं नाव त्याला चिकटलं. चितळे आडनावाच्या शास्त्रज्ञाला सापडतं तर आज बाकरपेप्टिन असतं.

तळजाईकर
हत्तीचा फलक राहिलाच की.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर
हत्तीला 'माज' लिहू नका, 'मद'च लिहा. इथे शब्द दोन आहेत कारण गोष्टी दोन आहेत. माज मादीचा, काही तासांचा, बीजाशी बांधलेला. मद नराचा, आठवडे किंवा महिने चालणारा. डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून स्राव गालावर ओघळतो, मूत्र ठिबकत राहतं आणि टेस्टोस्टेरॉन नेहमीच्या कित्येक पट चढतं. आफ्रिकी हत्तींनाही मद येतो हे जॉइस पूल आणि सिंथिया मॉस या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवलं. त्याआधी तो आशियाई हत्तींचाच मानत. मद नसलेला नरही मीलन करू शकतो, त्यामुळे मद म्हणजे हत्तीचा माज हे समीकरण चुकतं.

ऑलिव्हची_फांदी
संस्कृत कवींनी हत्तीच्या गंडस्थळावर मदाच्या वासाने भुंगे घोंगावत ठेवले ते उगाच नाही. वासाचा धागा खरा आहे, फक्त बाजू उलटी. माजावरच्या आशियाई हत्तिणीच्या मूत्रात एक रसायन असतं, १९९६ मध्ये ओळखलं गेलं. नर सोंडेने ते तोंडातल्या टाळूपाशी नेऊन तपासतो. तेच रसायन शंभराहून जास्त जातींच्या पतंगांच्या माद्या नराला बोलावायला वापरतात.

शुद्धिपत्र
डॉक्टर, 'मीलन' नाही, 'मिलन'. संस्कृतात मीलन म्हणजे डोळे मिटणे, निमीलन आठवा. मिलन म्हणजे भेट.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर
डोळे मिटणेही फारसं चुकीचं नाही. पण मान्य.

शुद्धिपत्र
पक्ष्यांच्या फलकावर 'प्रजनन ऋतू' दिसतोय. त्याऐवजी 'विणीचा हंगाम' घ्या. व्याणे, वीण हे वि आणि जन् पासूनचं, कापडाच्या विणीशी त्याचं नातं नाही. पण सुगरणीपाशी दोन्ही एकत्र येतात: विणीच्या हंगामात घरटं विणतो तो नर, आणि नाव मात्र स्त्रीलिंगी. मादी येते, खोपा तपासते, पसंत पडला तर राहते.

तळजाईकर
शेवटचा फलक जोडीने राहणाऱ्या प्राण्यांचा. त्यावर मी 'प्रेमाचं संप्रेरक ऑक्सिटोसिन' लिहिलंय. कुणाची हरकत?

ऑलिव्हची_फांदी
माझी. ही कीर्ती प्रेअरी व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यामुळे झाली. तो जोडी धरून राहतो आणि त्याचा डोंगरी भाऊबंद राहत नाही. मेंदूत ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांना पकडणारी ग्राहकं (रिसेप्टर) दोघांत वेगवेगळ्या ठिकाणी दाट असतात. गोष्ट छान जमली होती. मग २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचं ग्राहकच जन्मापासून नसलेले व्होल तयार केले गेले, आणि तेही जोड्या करून राहिले. तेव्हा 'प्रेमाचं' खोडा. 'जोडी जमण्यात वाटा असलेलं' लिहा. लांब आहे, पण खोटं नाही.

तळजाईकर
लिहिलं. काल बाईंना गोमाशीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि 'माज' ठेवला, पण अवतरणचिन्हांत. त्या चिन्हांवर शनिवारी परत भांडणार आहे.

गोठ्यावरून, तुमच्या गायीचं काय झालं?

गोठ्यावरून
संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. एकविसावा दिवस अजून लांब आहे, वडिलांनी कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवलाय. उलटली तर कळवतो.