ब्रिटनमधले तण, अंदालुसियातले दुर्मीळ झुडूप

पाँटिक ऱ्होडोडेंड्रॉन हे झुडूप ब्रिटनच्या जंगलांत तणासारखे माजले आहे, म्हणून ते दिसेल तिथे उपटावे, असे म्हटले जाते. त्यातले ब्रिटनविषयीचे म्हणणे योग्यच आहे. मात्र दिसेल तिथे उपटण्याच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या कादिझ प्रांतात, लोस आल्कोर्नोकालेस या संरक्षित क्षेत्रातल्या बुचाच्या ओकांच्या रानात, हेच सदाहरित झुडूप दुर्मीळ आहे. भूमध्यसागरी प्रदेशातला कोरडा उन्हाळा त्याला उघड्यावर सोसत नाही, म्हणून ओढ्यांच्या अरुंद, दमट घळींतच ते तग धरून आहे. हवामान अधिक उबदार आणि ओलसर होते, त्या काळातल्या अरण्यांचा तो अवशेष आहे. वसंतात त्याला जांभळट-गुलाबी फुलांचे झुपके येतात आणि बीही भरपूर धरते. पण धुळीसारखे बारीक असलेले ते बी सतत ओल्या, शेवाळलेल्या काठावर पडले तरच रुजते, आणि उगवलेली रोपेही बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात वाळून जातात. जुनी झुडपे उभी असली तरी नवी पिढी जवळजवळ दिसत नाही, हीच बाब मला सर्वांत चिंताजनक वाटते. जनुकीय अभ्यासानुसार ब्रिटनमधली बहुतांश झुडपे याच आयबेरियन (स्पेन-पोर्तुगालमधल्या) वाणाची वंशज आहेत. तिथली तोडणी अवश्य व्हावी, पण कादिझमधल्या त्या ओढ्यांचे पाणी उपसले जाऊ नये, यासाठीही तितक्याच आग्रहाने बोलले पाहिजे.